गंज आणि झीज

निवृत्त शिक्षकाला गावात एक प्रश्न हमखास विचारला जातो : "मग मास्तर, आता दिवसभर काय करता?" मी म्हणतो, "गंज काढतो." ऐकणारा हसतो. त्याला वाटते, मी बुद्धीवर चढलेल्या गंजाबद्दल काहीतरी विनोद करतो आहे. मग मी त्याला घरामागच्या पडवीत घेऊन जातो. तिथे एका निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपात सोड्याच्या पाण्यात एखादी पक्कड बुडवलेली असते. बाजूला बॅटरीचा चार्जर गुणगुणत असतो. फळीवर रॉकेलचा डबा, तारेचे ब्रश, पॉलिशपेपर आणि चिंध्या असतात, आणि भिंतीला ओळीने टांगलेले हातोडे, पाने, छन्न्या, पटाश्या, रंधे, करवती. पाहुणा क्षणभर गप्प होतो.

"हे विकता का?"

"नाही."

"मग वापरता?"

"फारसे नाही."

"मग?"

या 'मग'चे उत्तर मला बरीच वर्षे देता येत नव्हते. आमच्या घरातून त्याचे उत्तर केव्हाच तयार होते : "लोक फंडाचे पैसे मिळाले की उमऱ्याला जातात, आमचे साहेब भंगारात जातात." या उत्तराने पाहुण्याचे समाधान होई, माझे होत नसे.

माझे अब्बा फिटर होते. उरण गावातून मोरा बंदराकडे जाणाऱ्या वाटेवर त्यांचा पत्र्याचा एक गाळा होता. स्वातंत्र्यानंतरच्या काळात शिडाच्या मचव्यांना हळूहळू इंजिने बसू लागली. मच्छीमारांच्या सोसायट्या झाल्या, सरकारी कर्जे मिळू लागली आणि मोरा, करंजा इथल्या कोळी बांधवांना इंजिनाचा माणूस लागू लागला. अब्बा मुंबईच्या गोदीतल्या एका वर्कशॉपमध्ये काम शिकून आले होते. त्यांनी गाव गाठले आणि आयुष्यभर डिझेल इंजिनांची नाडी पाहिली.

इतरांचा हंगाम दिवाळीला, आमचा पावसाळ्यात. आज 1 जून ते 31 जुलै मासेमारीला कायद्याने बंदी असते. तेव्हा कायद्याआधी दर्याचाच हुकूम चाले. मचवे किनाऱ्यावर ओढले जात आणि त्यांची इंजिने अब्बांच्या गाळ्यात येत. नारळी पौर्णिमेला नारळ दर्यात पडण्याआधी प्रत्येक इंजिन सुरू झाले पाहिजे, अशी त्यांची शर्त असे. त्या दिवसांत ते रात्री उशिरा घरी येत. अम्मी गरम पाणी आणि धुण्याचा सोडा काढून ठेवी. हाताचा काळेपणा निघत असे, नखांतला कधीच निघत नसे. जुम्याच्या नमाजाला पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीतून बाहेर आलेली ती काळी नखे मला लहानपणी लाज आणत. हे आज लिहिताना बरे वाटत नाही, पण खरे आहे.

हत्यारांच्या बाबतीत अब्बा फार कडक होते. संध्याकाळी गाळा बंद करण्याआधी प्रत्येक हत्यार तेलाच्या चिंधीने पुसले जाई. "हत्याराला तीन दुश्मन," ते सांगत, "दर्याची हवा, पाऊस आणि उसने नेणारा." खंडेनवमीच्या दिवशी त्यांच्या हाताखालची हिंदू मुले ऐरणीला आणि शेगड्याला झेंडूची फुले वाहत. अब्बा त्या दिवशी हत्याराला हात लावत नसत. "वर्षभर आपण त्यांना राबवतो, एक दिवस त्यांनाही सुट्टी," असे म्हणून पेढा घेत. ते स्वतः हजरत दाऊद यांची गोष्ट सांगत. अल्लाहने त्यांच्या हातात लोखंड मऊ केले होते. "आपल्या हातात ते मऊ होत नाही, म्हणून आपल्याला कानस दिली," असे सांगून मुलांच्या हातात कानस देत.

माझ्या हातात मात्र त्यांनी कानस दिली नाही. "हात काळे करायला मी आहे. तू कागद काळे कर," ही त्यांची आज्ञा होती. मी ती पाळली. डी.एड., बी.ए., बी.एड. झालो आणि चौतीस वर्षे मुलांना मराठी आणि इतिहास शिकवला. 1998 मध्ये अब्बा गेले. गाळा भाड्याचा होता, तो मालकाला परत दिला. हत्यारे दोन पत्र्याच्या पेट्यांत आणि काही गोणपाटांत बांधून पडवीत ठेवली. त्यांना तेलाची चिंधी लावावी, एवढेही मला सुचले नाही. मी कागद काळे करत होतो.

अठरा वर्षांनी, 2016 मध्ये मी निवृत्त झालो. त्या पावसाळ्यात पहिली पेटी उघडली. झाकणाची बिजागरी हातातच आली. आत हत्यारे नव्हतीच, तांबड्या मातीचा एक गठ्ठा होता. पान्याला पाना चिकटलेला, त्यात हातोड्याचे डोके अडकलेले. उरणची हवा काय करते ते मी त्या दिवशी पाहिले.

गंज म्हणजे नुसता मळ नव्हे. लोखंडाला पाणी आणि हवा मिळाली की लोखंडाच्याच अंगावर बारीक बारीक विजेचे घट तयार होतात आणि ते स्वतःला खाऊ लागते. आपल्याकडच्या हवेत त्यात मीठ असते. मीठ हवेतली ओल खेचून धरते आणि त्या पाण्यातून वीज सहज वाहू देते, म्हणून घाटावर दहा वर्षांत जे होईल ते इथे दोन पावसाळ्यांत होते. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. नट आणि बोल्ट यांच्या आट्यांत तो शिरला की फुगतो आणि दोघांना असे जखडतो की ते एकजीव झाल्यासारखे वाटतात.

आणि हे फक्त आमच्या पडवीत झाले नव्हते. 1970 नंतर नव्या मुंबईसाठी इथली जमीन संपादित होऊ लागली. पुढे तेल आणि वायूचा प्रकल्प आला, वीज केंद्र आले, 1989 मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. जमिनीच्या योग्य मोबदल्यासाठी जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले आणि गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. भातखाचरे आणि मिठागरे भरावाखाली गेली. मुलांना नोकऱ्या लागल्या, काहींना लागल्या नाहीत. या सगळ्याची मोजदाद कागदावर झाली. पण घरोघरच्या माळ्यावर जे विळे, कोयते, नांगराचे फाळ आणि सुतारांच्या पेट्या पडून राहिल्या, त्यांची नोंद कुठे झाली नाही. लोखंड वापरात असेपर्यंत गंजाला उसंत मिळत नाही. काम थांबले की तो येतो.

मी अडाण्याच्या उत्साहाने कामाला लागलो. पहिल्याच आठवड्यात अब्बांची एक चांगली पटाशी नासवली. विजेच्या ग्राइंडरवर तिची धार धरली आणि चकचकीत होताना पाहून खूश झालो. टोक निळे पडले, तेही मला सुंदर वाटले. गावातले एक लेथवाले चाचा ती पाहून हळहळले. "मास्तर, पाणी उतरवलंत की हो तिचं!" पोलादाला तापवून, विझवून जे पाणी चढवतात ते जास्त तापले की उतरते, मग धार राहत नाही. पाणी डोळ्यांना दिसत नाही, पण हत्यार म्हणजे तेच. ती पटाशी आता रंगाचे डबे उघडायला वापरतो.

दुसरी चूक पटाशीने भरून निघण्यासारखी नव्हती. अब्बांचा रोजचा हातोडा मला सापडला. डोक्यावर गंज होता तो काढला. बाभळीचा दांडा काळाकुट्ट, तेलकट, एका बाजूने खोलगट झाला होता. मी पॉलिशपेपर घेतला आणि दोन दिवस तो घासला. खोलगटपणा जाईपर्यंत घासला. वरून जवसाचे तेल लावले. दांडा मधाच्या रंगाचा, गोल, गुळगुळीत झाला. मोठ्या अभिमानाने तो अम्मीला दाखवायला नेला.

अम्मी तेव्हा ऐंशीच्या पुढे होती, तिला दिसत कमी होते. तिने हातोडा हातात घेतला आणि दांड्यावरून अंगठा फिरवला. एकदा, मग दुसऱ्यांदा, काही शोधत असल्यासारखा. मग म्हणाली, "हा त्यांचा नाही."

"त्यांचाच आहे अम्मी. साफ केला."

"त्यांचा अंगठा बसायचा तिथे खड्डा होता," ती म्हणाली आणि हातोडा मला परत दिला.

चाळीस वर्षांत जो खड्डा पडला, तो मी दोन दिवसांत बुजवला होता. अब्बांचा एकच फोटो आमच्याकडे आहे, तोही रेशनकार्डाच्या कामासाठी काढलेला, त्यात ते अवघडून बसले आहेत. त्यांच्या हाताचा फोटो नव्हता. होता तो त्या दांड्यात होता.

त्या दिवसापासून मी एक फरक शिकलो. गंज वेगळा आणि झीज वेगळी. दोन्हींनी हत्यार कमी होते, पण गंज चढतो तो कोणी न वापरल्यामुळे, झीज होते ती वापरल्यामुळे. गंज काढावा. झीज काढू नये.

मग मी सावकाश शिकू लागलो. लेथवाल्या चाचांनी बरेच शिकवले. अडकलेल्या पान्याला जोर लावायचा नाही. रॉकेल आणि इंजिन ऑइल एकत्र करून त्यात बुडवून ठेवायचे, रोज हलके ठोकायचे आणि वाट पाहायची. किरकोळ गंजाला लिंबूसत्त्वाच्या पाण्यात एक रात्र पुरते, पण तिथेच विसरले तर आम्ल चांगले लोखंडही खाते. जास्त गंजाला विजेचा उपाय. प्लॅस्टिकच्या पिंपात चार लिटर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा घालायचा. एका बाजूला भंगारातली लोखंडी पट्टी सोडायची, तिला बारा व्होल्टच्या चार्जरचे धन टोक लावायचे. हत्याराला ऋण टोक. दोन्हींचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. बुडबुडे येऊ लागतात, पाणी तांबडे होते आणि रात्रभरात हत्यारावरचा गंज सुटून त्याची काळी, सहज पुसता येणारी साय होते. पट्टी मात्र स्टेनलेस स्टीलची घ्यायची नाही, तिच्यातल्या क्रोमियमने पाणी विषारी होते. बुडबुड्यांत हायड्रोजन असतो, म्हणून हे काम उघड्या पडवीत, विडी-सिगारेटपासून दूर. बाहेर काढल्यावर हत्यार लगेच धुवून, वाळवून तेल लावले नाही, तर तासाभरात पुन्हा तांबूस होऊ लागते.

या उपायातली मला आवडलेली गोष्ट ही, की तो फक्त गंजाला हात लावतो. चांगले लोखंड जसेच्या तसे राहते. ठोक्याची खूण, करवतीचा ओरखडा, झिजलेला कोपरा, सगळे. समुद्रातून काढलेल्या वस्तूंवर संग्रहालयांतले तज्ज्ञ याच तत्त्वाने काम करतात. अमेरिकेची 'मॉनिटर' ही युद्धनौका 1862 मध्ये बुडाली. तिचा तोफांचा बुरूज 2002 मध्ये वर काढला, तर त्याच्या अंगात मुरलेले मीठ काढायला वर्षांमागून वर्षे गेली. ते वाचून मला आमच्या निळ्या पिंपाचा थोडा अभिमान वाटला.

छंदाला खाद्य लागते. मोऱ्याहून लाँचने तासाभरात भाऊचा धक्का, तिथून जवळच दारुखाना. जुनी जहाजे तोडण्याचे आणि त्यांच्या लोखंडाच्या व्यापाराचे हे मुंबईतले जुने ठिकाण. 2017 मध्ये तिथल्या एका ढिगातून मी एक शेगडा उचलला, कारखान्यात ज्याला व्हाइस म्हणतात तो. वजन पंचवीस किलोच्या आसपास. परतीच्या लाँचमध्ये मासळी विकून रिकाम्या पाट्या घेऊन निघालेल्या कोळणी होत्या. एकीने माझी गोणी सरकवायला हात लावला आणि ती हलेना. "मास्तर, कोनाचा मुडदा आनलास?" सगळी लाँच हसली. घरी आल्यावर गंजाखालून अक्षरे निघाली : 'रेकॉर्ड'. म्हणजे इंग्लंडमधल्या शेफील्डचा माल. एखाद्या जहाजाच्या इंजिनघरात त्याने जगप्रदक्षिणा केली असेल. त्याच्या जबड्याच्या एका कडेला करवतीचे सात-आठ चरे आहेत. कोणीतरी घाईत, कदाचित डुलत्या जहाजात, नळी कापताना करवत खाली गेली असेल. ते चरे मी ठेवले आहेत.

पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय मी पुन्हा पाहून आलो ते याच काळात. डॉ. केळकरांनी अडकित्ते, दिवे, कुलपे, स्वयंपाकघरातल्या वस्तू अशा रोजच्या वापरातल्या गोष्टी गावोगाव हिंडून जमवल्या आणि 1975 मध्ये तो सगळा संग्रह राज्य शासनाच्या स्वाधीन केला. राजाराण्यांच्या तलवारींपेक्षा मला तिथले अडकित्तेच अधिक बोलके वाटतात. पण काचेआड ठेवलेल्या वस्तूला आपला हात लागत नाही, एवढी एक खंत राहते. इंग्लंडमध्ये 'टूल्स फॉर सेल्फ रिलायन्स' नावाची संस्था निघाली. तिच्या स्वयंसेवकांनी लोकांच्या घरांत पडून असलेली जुनी हत्यारे गोळा केली, दुरुस्त केली आणि आफ्रिकेतल्या सुतार-लोहारांना पाठवली. काचेआड किंवा पुन्हा हातात, असे हत्यारापुढचे हे दोन रस्ते. माझी हत्यारे मधेच, भिंतीवर टांगलेली होती. पाहुण्याच्या 'मग?'ला उत्तर नव्हते ते यामुळेच.

ते उत्तर 2020 च्या टाळेबंदीत सापडले. लाँच बंद, दारुखाना बंद. मग उरलेली गोणपाटे सोडली. त्यांत साडेतीन-चार फुटांची एक लोखंडी नळी होती. इंजिनाचा शाफ्ट मचव्याच्या मागच्या खांबातून बाहेर पाण्यातल्या पंख्यापर्यंत जातो, तो अशा नळीतून. नळीची दोन्ही तोंडे चिंध्यांनी बंद केलेली होती. चिंध्या ओढल्या तर आत काहीतरी होते, आणि ते गंजाने नळीला धरून बसले होते. अकरा दिवस मी त्यात रॉकेल आणि तेल ओतत होतो. बाराव्या दिवशी ठोकल्यावर ते सरकले.

ते गिरमिट होते. हातभर नव्हे, चांगले तीन फूट लांब, होडीच्या सुताराचे. आडवा दांडा काढून नळीत घातलेला होता, तोही आतच होता. आमच्या पिंपात मावेना, म्हणून पावसाळी पाण्याचा जाड पीव्हीसी पाइप एका टोकाला बंद करून उभा केला आणि त्यात सोड्याचे पाणी भरून गिरमिट सोडले. सकाळी पुसताना पात्याच्या वरच्या चपट्या भागावर पंचाने मारलेली खूण दिसली : तीन टिंबे आणि खाली एक आडवी रेघ.

अब्बांची खूण ही नव्हती. ते दोन तिरप्या रेघा मारत. ही खूण कोणाची, ते मला माहीत होते. मी पडवीच्या पायरीवर बसून राहिलो.

करंजाचे एक सुतारकाका अब्बांचे जिवलग. इंजिन बसवायचे तर दोघे लागत. सुतारकाका मागच्या जाड खांबाला त्या लांब गिरमिटाने आरपार भोक पाडत. ते केसभर जरी तिरके गेले तरी शाफ्ट थरथरतो आणि बेअरिंग खाते. मग अब्बा शाफ्ट बसवत. "त्याचं भोक आणि माझा शाफ्ट, दोघांची जबान एक," अब्बा म्हणत. ईदला ते आमच्याकडे शेवया खायला येत, होळीला आम्ही करंजाला जात असू. 1974 च्या मे महिन्यात करंजाला एका मचव्याचे काम झाले आणि त्यानंतर सुतारकाकांचे गिरमिट सापडेना. ते म्हणाले, तुझ्या सामानात गेले. अब्बांनी गाळा उलटापालटा केला आणि सांगितले, माझ्याकडे नाही. शब्दाने शब्द वाढला. तसे गिरमिट लोहाराकडून खास घडवून घ्यावे लागे. काकांचा तो हंगाम बुडाला. शेवटी त्यांनी चारचौघांत 'चोर' हा शब्द उच्चारला. अब्बांनी उत्तर दिले नाही, पण पुन्हा कधी त्यांचे नाव घेतले नाही. चोवीस वर्षे. अब्बांच्या जनाज्याला करंजाहून बरेच लोक आले होते. ते आले नव्हते.

तर दोघांपैकी कोणी खोटे बोलत नव्हते. एकाचे चुकत होते, आणि तो माझा बाप होता.

याहून अवघड गोष्ट पुढे होती. नळीच्या तोंडातली चिंधी मी फेकली नव्हती. ती खाकी होती. त्या मे महिन्यात माझी सोळावीची सुट्टी चालू होती. अब्बा सहसा मला कामावर नेत नसत, पण हाताखालचा मुलगा आजारी म्हणून त्या दिवशी सायकल घेऊन करंजाला बोलावले होते. सामान सायकलला बांधून मीच आणले होते. लांब वस्तू चाकाच्या तारांत अडकू नये म्हणून नळीत सरकवली असेल का? तोंडे चिंधीने बंद केली असतील का? माझ्या जुन्या शाळेच्या चड्डीच्या चिंध्या गाळ्यात वापरल्या जात, हे आठवते. नळीत घातल्याचे मात्र आठवत नाही. खाकी कापड तेव्हा घरोघरी होते, असे मी स्वतःला सांगून पाहिले.

अम्मीला सांगितले. मला वाटत होते, ती म्हणेल, आता कशाला जुने उकरतोस; अब्बांचे नाव चांगले आहे, ते राहू दे. माझ्या मनातही तेच होते. दोघेही माणसे अल्लाहघरी गेली होती. सुतारकाकाही 2005 च्या सुमारास वारले होते. गिरमिट भिंतीवर टांगले असते तर कोणाला कळणार होते? अम्मीने खूण बोटाने चाचपली. म्हणाली, "ही अमानत आहे. अमानत मेल्यावर संपत नाही. आणि जे झालं ते सगळं सांग. अर्धं सांगू नकोस."

दांडा मी फक्त कोरड्या चिंधीने पुसला. पॉलिशपेपर लावला नाही. फेब्रुवारी 2021 मध्ये रिक्षाने करंजाला गेलो.

सुतारकाकांचा मुलगा आता साठीचा. मला ओळखायला त्याला थोडा वेळ लागला. चहा झाला. मी गोणपाट सोडले आणि काहीच न बोलता गिरमिट पुढे केले. त्याने खूण पाहिली. "यो शिक्का आमचे बापाचाच," तो म्हणाला आणि मग बराच वेळ काही बोलला नाही. मी नळीचे सांगितले, सायकलचे सांगितले, खाकी चिंधीचे सांगितले. माझ्या वडिलांच्या वतीने आणि माझ्या वतीने माफी मागितली. तो रागावेल याची मी तयारी ठेवली होती.

त्याने गिरमिटाचा दांडा बसवला आणि दोन्ही हातांनी धरला. दांड्याच्या दोन्ही टोकांना झिजून खोलगट जागा झाल्या होत्या. त्याचे पंजे तिथे बरोबर बसले.

"मास्तर," तो म्हणाला, "आमी काय समजलो म्हायती हाय? तवा आमची आय आजारी व्हती. पैशे नव्हते. आमी समजलो, बापानंच गिरमिट इकला न् लाजंपायी तुमचे अब्बांवर नाव टाकला. आयपन तसाच समजली. मरंपर्यंत तो सांगत व्हता, मी इकला नाय. आमी व्हय व्हय करायचो."

त्याने डोळे पुसले नाहीत, मीही पुसले नाहीत. दोघेही साठीची माणसे. मी इतका वेळ समजत होतो की मी माझ्या बापाची चूक कबूल करायला आलो आहे. त्यांच्या घरात दुसराच एक माणूस पन्नास वर्षे आरोपी म्हणून उभा होता, हे मला कुठे माहीत होते?

निघताना मी विचारले, "आता हे वापराल?" तो हसला. हल्ली बहुतेक होड्या फायबरच्या. लाकडी मचवा दुरुस्तीला आला तर विजेचे ड्रिल आहे. गिरमिट देव्हाऱ्याच्या बाजूच्या खुंटीला लावतो, म्हणाला. मग थांबा म्हणून आत गेला आणि माळ्यावरून एक गोणी खाली काढली. तिच्यातून तांबडी भुकटी गळत होती. "बापाची हत्यारा हायेत. पोरगा भंगारात दे म्हनतो. होईल काय तुमाला?"

तेव्हापासून गोण्या येतच आहेत. करंजाहून आल्या, मोऱ्याहून आल्या, भेंडखळ आणि केगावहूनही एकेक आली. कोणाच्या आजोबांचा विळा, कोणाच्या सासऱ्याची करवत. मी साफ करतो आणि परत देतो; पैसे घेत नाही, पण कोणी सुके बोंबील आणले तर नाही म्हणत नाही. प्रत्येक हत्यारावरची खूण वहीत उतरवून ठेवतो आणि ती कोणाची, हे आणणाऱ्याला विचारतो. वही आता अर्धी भरली आहे. 12 जानेवारी 2024 ला अटल सेतू सुरू झाला आणि त्याच दिवशी उरणपर्यंत लोकलही आली. तिने नातवंडे येतात. धाकट्याला पिंपातले बुडबुडे फार आवडतात. त्याच्या हातात मी कानस देतो.

अम्मी 2022 मध्ये गेली. अब्बांचा तो हातोडा मी भिंतीवरून काढून कामाला घेतला आहे. रोज थोडे ठोकतो. दांड्यावर माझा अंगठा बसतो तिथे अजून खड्डा पडलेला नाही. माझ्या उरलेल्या आयुष्यात पडणारही नाही. पण जागा किंचित काळी झाली आहे.

सध्या पिंपात सुतारकाकांचा वाकस आहे. पाते तीन रात्रींत निघेल. दांड्याला हात लावायचा नाही, हे मी पिंपावर खडूने लिहून ठेवले आहे. मास्तरांची सवय.